ट्यूनर बदलण्याआधी

सदर : यंत्रांशी ओळख



अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या कन्येने शिक्षण सांभाळून केलेल्या अर्धवेळ कामाच्या कमाईतून एक जुनी, चार सिलिंडरची मोटारसायकल घेतली. आधीच्या मालकाने मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवला होता आणि सीटखाली एक फ्युएल ट्यूनरही जोडला होता. त्याची कागदपत्रे मिळाली नाहीत. गाडी थंड असताना ठीक चालते. इंजिन तापले की सिग्नलवर उभी असताना बंद पडते, आणि एकाच वेगाने जात असताना मध्येच झटके देते. एका कारागिराने सांगितले, ट्यूनर खराब आहे, नवा घ्या. दुसऱ्याने सांगितले, ट्यूनर चांगला आहे, डायनोवर नवा मॅप करून घ्या. दोन्ही उपाय खर्चाचे. माऊलींचा प्रश्न असा की, नवा ट्यूनर घ्यावा, मॅप करावा, की गाडीच विकून टाकावी?

प्रश्न केवळ पैशाचा नाही. चौकात डावीकडे वळताना, समोरून वाहने येत असताना गाडी बंद पडली तर काय होईल, हे आईला कळते म्हणूनच ते पत्र आले आहे. भारतातही १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींत इंधन-इंजेक्शन आले. त्यामुळे गावाकडील भाचे-पुतणेही आता फोनवर असेच प्रश्न विचारू लागले आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे.

माझे उत्तर थोडक्यात असे : यांपैकी काहीही करण्याआधी दोष नेमका कोठे आहे ते ठरवावे. ते ठरवण्यासाठी तीन चाचण्या पुरेशा आहेत आणि तिन्हींना मिळून जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

ट्यूनर नेमके काय करतो

कार्ब्युरेटरच्या काळात इंधनाचे प्रमाण जेट आणि सुई यांनी ठरत असे. मेस्त्री इंजिनाच्या आवाजाला कान देऊन एअर स्क्रू फिरवीत आणि गाडी जुळवून देत. इंजेक्शनच्या गाडीत ते काम ईसीयू करतो. क्रँकची स्थिती, थ्रॉटल किती उघडा आहे, हवेचे तापमान व दाब, इंजिनाचे तापमान, अशी माहिती सेन्सरांकडून घेऊन तो प्रत्येक इंजेक्टर किती काळ उघडा ठेवायचा हे ठरवतो. हा काळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला जातो. मंद गतीला तो अवघा दोन-तीन सहस्रांश सेकंदांचा असतो.

डायनोजेट कंपनीचा पॉवर कमांडर हे ज्याचे सर्वांत परिचित उदाहरण, त्या जातीचा ट्यूनर ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मधोमध बसतो. ईसीयूने पाठवलेला संकेत तो वाटेत अडवतो, त्याचा काळ काही टक्के वाढवतो किंवा घटवतो आणि पुढे पाठवतो. किती टक्के, हे त्याच्या मॅपमध्ये लिहिलेले असते. मॅप म्हणजे एक तक्ता. आडव्या ओळी इंजिनाच्या फेऱ्यांच्या, दर २५० आरपीएमला एक. उभे स्तंभ थ्रॉटलचे, शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत. एखाद्या चौकटीत ५ लिहिले असेल तर त्या स्थितीत पाच टक्के अधिक इंधन, उणे ५ असेल तर तितके कमी, आणि शून्य असेल तर ईसीयूने सांगितले तेवढेच.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. असा साधा ट्यूनर स्वतः काहीही तपासत नाही. प्लग जळाला आहे, इंधनपंप थकला आहे, हवेची नळी फाटली आहे, यातले काहीच त्याला कळत नाही. ईसीयू चुकला तर तो त्या चुकीवर टक्के लावतो. म्हणूनच गाडीत मुळात असलेला दोष पुष्कळदा ट्यूनरच्या नावावर जमा होतो, तर कधी ट्यूनरचा दोष गाडीच्या नावावर जातो. दोघांना वेगळे करून पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

तीन चाचण्या

पहिली चाचणी ट्यूनरविना. ट्यूनरच्या तारा जेथे गाडीच्या मूळ कनेक्टरांमध्ये शिरतात तेथून त्या सोडवाव्यात आणि मूळ कनेक्टर पुन्हा एकमेकांना जोडावेत. इंजिन थंड, चावी बंद, बॅटरीचे ऋण टोक सोडवलेले, अशा स्थितीतच हे काम करावे. ट्यूनर बसवताना ऑक्सिजन सेन्सरच्या जागी एखादा बंद प्लग लावलेला असेल, तर तो काढून मूळ सेन्सर परत जोडावा. मग गाडी तापू द्यावी आणि तोच त्रास होतो का ते पाहावे. दुसऱ्या सायलेन्सरमुळे मिश्रण किंचित विरळ होईल, पिकअप थोडे मंद वाटेल, परंतु सुस्थितीतील गाडी तेवढ्याने सिग्नलवर बंद पडत नाही. त्रास कायम राहिला, तर ट्यूनर निर्दोष आहे. मग एअर फिल्टर, प्लग, इंधनपंप, थ्रॉटल बॉडीजवळची हवेची गळती आणि टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल, यांकडे वळावे.

जुन्या गाडीबाबत येथे एक सावधगिरी हवी. आधीच्या मालकाने ट्यूनरखेरीज ईसीयूमधील मूळ प्रणालीही बदलून घेतली असण्याची शक्यता असते. याला फ्लॅश करणे म्हणतात. तसे असेल तर ट्यूनर काढल्याने गाडी मूळ स्थितीत येत नाही. शक्य असल्यास आधीच्या मालकाला विचारावे.

दुसरी चाचणी शून्य मॅपची. ट्यूनर परत जोडावा, लॅपटॉपवर त्यातील सध्याचा मॅप प्रथम जतन करून ठेवावा, आणि मग सर्व चौकटींत शून्य असलेला मॅप त्यात भरावा. आता ट्यूनर संकेत केवळ पुढे पाठवतो, त्यात भर घालत नाही. पहिल्या चाचणीत नाहीसा झालेला त्रास आता परत आला, तर दोष तारांत, जोडणीत किंवा खुद्द ट्यूनरमध्ये आहे. मॅपवर एक डॉलरही खर्च करण्याचे कारण नाही.

तिसरी चाचणी जतन केलेल्या मॅपची. शून्य मॅपवर गाडी नीट चालली आणि जुना मॅप भरताच बिघडली, तर तारा व जोडण्या ठीक आहेत. दोष मॅपमध्ये तरी आहे, किंवा मॅप ज्यावर अवलंबून असतो त्या थ्रॉटलच्या मोजमापात आहे.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. प्लग, फिल्टर आणि मॅप एकाच दिवशी बदलले, तर गाडी सुधारूनही कशामुळे सुधारली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

तारा आणि जोडण्या

दुसऱ्या चाचणीत दोष सापडल्यास ट्यूनर फेकण्याआधी त्याची अर्थिंगची तार पाहावी. ती थेट बॅटरीच्या ऋण टोकाला असावी. चासीच्या रंगवलेल्या बोल्टला जोडलेली तार आज चालते आणि उद्या गंज चढला की चालत नाही. साध्या मल्टिमीटरने, इंजिन चालू असताना, ट्यूनरची अर्थिंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज मोजावे. ते जवळजवळ शून्य आले पाहिजे. बॅटरीही तपासावी. गाडी बंद असताना भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते, आणि इंजिन थोडी रेस देऊन चालवल्यावर ते साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असावे. अशक्त बॅटरीमुळे स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळते आणि असली इलेक्ट्रॉनिक उपकरणे विचित्र वागू लागतात.

त्यानंतर कनेक्टर उघडून आत पाहावे. एखादी पिन मागे सरकलेली असते, हिरवट गंज धरलेला असतो, पाणी अडवणारे रबर दुमडलेले असते. थ्रॉटल सेन्सरच्या तारेला पुष्कळदा चिमट्यासारखी जोडणी केलेली असते. ती सैल असेल किंवा शेजारच्या भलत्याच तारेला लागली असेल, तर ट्यूनरला थ्रॉटलची स्थितीच कळत नाही. सीट बसवताना चेपलेली तार, इंजिनाच्या उष्णतेने मऊ झालेले वेष्टन, इग्निशन कॉइलला खेटून नेलेला तारांचा जुडगा, हेही नेहमीचे अपराधी आहेत. चार सिलिंडरच्या गाडीत दोन इंजेक्टरांच्या जोडण्यांची अदलाबदल झालेलीही आढळते.

गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर चालू ठेवून एकेक कनेक्टर हलक्या हाताने हलवून पाहावा. एखादा हलवताच इंजिन अडखळले, तर दोष सापडला. गाडी तापल्यावरच त्रास होत असेल, तर ही तपासणीही इंजिन तापल्यानंतरच करावी. उष्णतेने धातू व प्लास्टिक प्रसरण पावतात आणि थंड असताना पक्की वाटणारी जोडणी तेव्हा सुटते. तापलेल्या सायलेन्सरपासून हात दूर ठेवावा.

थ्रॉटलचे शून्य आणि शंभर

तिसऱ्या चाचणीने मॅपकडे बोट दाखवले, तरी मॅपला हात लावण्याआधी थ्रॉटलचे मोजमाप जुळवावे. थ्रॉटल सेन्सर व्होल्टेजच्या रूपाने माहिती देतो. सर्वसाधारणपणे थ्रॉटल पूर्ण बंद असताना सुमारे अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडा असताना चार व्होल्टच्या वर. कोणते व्होल्टेज म्हणजे शून्य आणि कोणते म्हणजे शंभर टक्के, हे ट्यूनरला शिकवावे लागते. ट्यूनर दुसऱ्या गाडीवरून काढून आणलेला असेल, तर त्याच्या स्मृतीत त्या जुन्या गाडीचे मोजमाप असते. परिणामी थ्रॉटल बंद असूनही ट्यूनर तो चार टक्के उघडा आहे असे समजतो, तक्त्यातील भलत्या स्तंभातून आकडा उचलतो, आणि सिग्नलवर उभ्या असलेल्या इंजिनाला नको तितके इंधन मिळते. उष्ण इंजिन मंद गतीवर गुदमरून बंद पडण्याचे हे एक सामान्य कारण आहे.

जुळवणी सोपी आहे. ट्यूनरच्या प्रणालीत थ्रॉटल जुळवण्याचा पर्याय असतो. माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे थ्रॉटल बंद असताना एक नोंद आणि पूर्ण उघडून दुसरी नोंद घ्यावी. नंतर मूठ सावकाश फिरवून पाहावी. पडद्यावरील आकडा शून्यापासून शंभरापर्यंत अखंड चढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर झिजला आहे किंवा तार तुटत आली आहे.

ऑक्सिजन सेन्सरशी भांडण

एकाच वेगाने जात असताना झटके बसणे, या तक्रारीमागे वेगळे कारण असू शकते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या, दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याहून थोडी कमी. धुराच्या नळीतील मूळ ऑक्सिजन सेन्सर मिश्रण या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो, आणि ईसीयू त्यानुसार इंधन कमी-अधिक करीत राहतो. हे मुख्यतः स्थिर वेगाला आणि मंद गतीला घडते. मूठ पूर्ण पिळलेली असताना नाही.

आता ट्यूनरने येथे पाच टक्के इंधन वाढवले, की सेन्सर म्हणतो मिश्रण दाट झाले, आणि ईसीयू तितके इंधन काढून घेतो. एक घालतो, दुसरा काढतो. ही ओढाताण टाळण्यासाठी ट्यूनरसोबत सेन्सरच्या जागी लावायचा प्लग किंवा त्याचा संकेत बदलणारे छोटे उपकरण दिलेले असते. ते निसटले असेल किंवा बसवलेच नसेल, तर स्थिर वेगावर गाडी लाटांसारखी पुढे-मागे होते. म्हणून झटके कधी बसतात ते नीट पाहावे. स्थिर वेगालाच बसत असतील तर संशय येथे घ्यावा. पूर्ण थ्रॉटललाच बसत असतील तर इंधनपंप, फिल्टर आणि मॅप यांवर घ्यावा.

काही ट्यूनरांना स्वतःचा रुंद पल्ल्याचा सेन्सर जोडून मॅप आपोआप सुधारण्याची सोय असते. ती उपयुक्त आहे, परंतु तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. सायलेन्सरच्या सांध्यातून गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि सेन्सर मिश्रण विरळ असल्याचे खोटे सांगतो. प्लग मिसिंग मारत असेल तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, आणि तेव्हाही सेन्सर विरळच म्हणतो. दोन्ही प्रसंगी ट्यूनर इंधन वाढवतो आणि आजार बळावतो. प्रथम गळती आणि प्लग दुरुस्त करावेत, मगच त्याने सुचवलेले आकडे स्वीकारावेत.

एवढे सर्व करून त्रास उरला, तर मॅप पाहावा. गाडीचे नेमके मॉडेल, वर्ष आणि सायलेन्सर यांच्याशी तो जुळतो का? कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या गाड्यांची बांधणी कधी कधी वेगळी असते, हेही तपासावे. योग्य मॅप भरूनही समाधान झाले नाही, तर डायनोवर जाण्यात अर्थ आहे. त्या वेळी आपल्या हातात तपासलेल्या गोष्टींची यादी असेल आणि कारागीरही आपल्याशी वेगळ्या आदराने बोलेल.

कायदा आणि घर

अमेरिकेतील कुटुंबांनी आणखी एक बाजू समजून घ्यावी. क्लीन एअर ॲक्टनुसार रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाची प्रदूषणनियंत्रक यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे निषिद्ध आहे, आणि ऑक्सिजन सेन्सर हा त्या यंत्रणेचाच भाग आहे. कॅलिफोर्नियात असे सुटे भाग रस्त्यावरील गाडीला लावायचे, तर त्यांना तेथील एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता आदेश असावा लागतो. पुष्कळ ट्यूनरांवर ‘केवळ शर्यतीसाठी’ असे लिहिलेले असते, ते याच कारणाने. ऑगस्ट २०१६ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेशी झालेल्या समझोत्यानुसार हार्ले-डेव्हिडसनने अशाच ट्यूनरांच्या विक्रीबद्दल १.२ कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. यास्तव आपल्या गाडीवरील ट्यूनरला रस्त्यासाठी मान्यता आहे का, हे पाहावे. मान्यता नसेल, तर ट्यूनर काढून सेन्सर आणि मूळ सायलेन्सर परत बसवणे हाच सरळ मार्ग. पहिल्या चाचणीत ट्यूनर काढल्यावर गाडी उत्तम चालली, तर तो मार्ग खर्चाच्या दृष्टीनेही सर्वांत सोपा ठरतो.

आणि एक कळकळीची सूचना. इंजिन चालू ठेवून करायची प्रत्येक तपासणी उघड्यावर करावी. हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून घराला लागून असलेल्या गॅरेजचे दार लावून गाडी चालू ठेवणे प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो गॅरेजमधून घरात शिरतो. जास्त इंधन घेणारे, बिघडलेले इंजिन हा वायू अधिक सोडते. घरात त्याची सूचना देणारा अलार्म असावाच. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी हेल्मेट घालून, रिकाम्या पार्किंगच्या जागेत घ्यावी. दोष सापडेपर्यंत गाडी महामार्गावर नेऊ नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगेन की, गाडी विकण्याची घाई करू नका. कन्येला शनिवारची एक सकाळ, एक मल्टिमीटर आणि एक वही द्या. सिग्नलवर बंद पडण्याचे कारण अर्थिंगमध्ये किंवा थ्रॉटलच्या जुळवणीत असण्याची, आणि झटक्यांचे कारण ऑक्सिजन सेन्सरच्या जोडणीत असण्याची शक्यता मला अधिक दिसते. तथापि माझ्या अंदाजापेक्षा तिच्या वहीतील नोंदी अधिक विश्वासार्ह ठरतील. दोष सापडल्यावर कोठे सापडला ते अवश्य कळवा. इतर वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

पुढील अंकात : हिवाळ्यात उभ्या राहणाऱ्या वाहनाची बॅटरी कशी जपावी.